मियाटाच्या गिअरबॉक्समधलं तेल: जीएल-५ काढून जीएल-४ टाकल्यानंतरचे नऊ महिने

गाडी १९९९ची मझदा मियाटा, दुसरी पिढी, १.८ लिटर इंजिन, पाच गिअरची मॅन्युअल. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी हिलाच एमएक्स-५ म्हणतात. मी मिशिगनमधे डेट्रॉईटजवळ ट्रॉयला राहतो, मागच्या ऑगस्टमधे सेकंडहँड घेतली तेव्हा १ लाख १८ हजार मैल झालेले होते. हा अनुभव फक्त गिअरबॉक्सच्या तेलाचा आहे, टायर सस्पेन्शन वगैरे काही नाही, कारण या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं आणि सुधारल्यावर सगळ्यात जास्त सुखही याच गोष्टीने दिलं.

आधी आजची स्थिती सांगतो. रेडलाईन कंपनीचं एमटी-९०, म्हणजे ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, नोव्हेंबरमधे मी स्वतः टाकलं. (७५डब्ल्यू-९० हा तेलाच्या घट्टपणाचा नंबर, आणि जीएल-४, जीएल-५ हे गिअरच्या तेलाचे दर्जे, त्यातल्या रसायनांवरून ठरणारे.) त्यानंतर ४२०० मैल झाले, किलोमीटरमधे पावणेसात हजाराच्या आसपास. दुसरा गिअर, जो आधी थंड गाडीत खर्रर्र करून आत जायचा, तो आता साधारण आठ-दहा डिग्रीच्या सकाळीही पहिल्या सिग्नलपासून दोन बोटांनी पडतो.

आता चूक कुठे झाली ते. आमचं घर सांगलीकडचं, काकांचा ट्रॅक्टर होता, तिथे दुकानात जाऊन "नव्वद नंबर द्या" किंवा "एकशेचाळीस द्या" एवढंच म्हणायचं, गिअरचं तेल म्हणजे नंबर, संपला विषय. तेच डोक्यात बसलेलं. गाडी घेतल्यावर सप्टेंबरमधे इथल्या एका सर्व्हिसच्या दुकानात गेलो आणि सांगितलं की सगळी तेलं बदला, गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० टाका. त्यांनी टाकलं. गिअरबॉक्समधे आणि मागच्या डिफ्रन्शियलमधे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा), दोन्हीकडे एकाच ड्रममधलं. बिलावर ७५डब्ल्यू-९० जीएल-५ लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचूनही पुढे गेलो कारण नंबर बरोबर होता ना.

आणि खरं सांगायचं तर त्यांना नियमाने चूक म्हणता येत नाही. मझदाच्याच मॅन्युअलमधे या गिअरबॉक्ससाठी जीएल-४ किंवा जीएल-५, ७५डब्ल्यू-९०, असं दोन्ही चालेल म्हणून लिहिलंय. म्हणून माझा पहिला महिना गोंधळात गेला, पुस्तकात चालतंय तर मग गाडी का कुरकुरतेय. ऑक्टोबर लागला, सकाळी चार-पाच डिग्री व्हायला लागलं आणि दुसरा गिअर घालताना दांडीला आतून कुणीतरी उलटं ढकलतंय असं वाटायचं, जोर लावला की खर्रर्र. पहिली तीन-चार मैल मी पहिल्यातून थेट तिसऱ्यात टाकत होतो, स्पोर्ट्स कार घेऊन.

मग बसून नीट समजून घेतलं, ते इथे लिहितो कारण हे कळल्याशिवाय बाटली निवडताच येत नाही. सिंक्रो म्हणजे एक पितळी रिंग असते, आतून शंकूसारखी उतरती, ती फिरणाऱ्या गिअरच्या शंकूवर घट्ट बसते आणि घासून घासून दोघांचा वेग सारखा करते, वेग सारखा झाला की मगच स्लीव्ह, म्हणजे गिअर पक्का जोडणारी सरकती कडी, पुढे सरकते. म्हणजे इथे घर्षण *पाहिजे* आहे. तेल जर फार निसरडं असेल तर रिंग घसरत राहते, वेग जुळायच्या आतच स्लीव्ह दातांवर आपटते, तोच तो खर्रर्र. थंडीत तेल घट्ट असेल तर वेगळीच पंचाईत, रिंगला मधला तेलाचा थर वेळेत फोडता येत नाही. आणि हे दुसऱ्यातच जास्त का, तर या गाडीत पहिल्याचा रेशो ३.१३६ आणि दुसऱ्याचा १.८८८ आहे, म्हणजे सहा हजार आरपीएमला पहिल्यातून दुसऱ्यात टाकलं की इंजिनला छत्तीसशेपर्यंत खाली यावं लागतं, ४० टक्के उतार. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तो ३० टक्केच असतो. सगळ्यात जास्त मार दुसऱ्याच्या रिंगला.

डिफ्रन्शियलची गरज बरोब्बर उलटी. तिथे हायपॉइड गिअर, पिनियन म्हणजे लहान गिअर मोठ्या गिअरच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत तर लांबीच्या दिशेने जोरात घसटतात. साधा तेलाचा थर तिथे टिकत नाही, म्हणून जीएल-५ मधे गंधक आणि फॉस्फरसची जास्तीची रसायनं असतात, जी गरम झाली की पोलादावर स्वतःचा एक थर धरतात आणि तो थर झिजतो, दात वाचतात. मागे ते हवंच. पण गिअरबॉक्समधे सिंक्रो पितळेचे आहेत, आणि सक्रिय गंधक तांब्या-पितळेला खातं. हल्लीची सगळी जीएल-५ तेलं पितळ खातात असं मी म्हणणार नाही, बरीच तेलं आता त्या हिशोबाने बनवलेली असतात, पण पितळ शाबूत राहिलं तरी निसरडेपणाचा प्रश्न उरतोच, आणि मला रोज हाताला जाणवत होता तो हाच.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी गॅरेजमधे गाडी चार स्टँडवर घेतली. चारही चाकं सारख्या उंचीवर पाहिजेत, नाहीतर तेलाची पातळी खोटी दिसते. आधी अर्धा तास चालवून गरम केली. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, भरायचा प्लग *आधी* उघडा, बाजूला असतो, माझ्या गाडीत दोन्ही प्लगना २४चा पाना लागला. खालचा उघडून तेल सोडलं आणि वरचा जाम निघाला तर गाडी तिथेच अडकली. माझा वरचा इतका घट्ट होता की पान्याला पाइप लावून सुटला.

दोनच महिन्यांचं तेल, पण बाहेर आलं तेव्हा गंधकाचा उग्र वास गॅरेजभर, दोन दिवस गेला नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा बारीक कीस होता, तेवढा चालतो, जुन्या गाडीत येतोच. पण तेल उन्हात धरलं तर त्यात सोनेरी झाक होती, बारीक बारीक चमक, आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. ते बघून पोटात गोळा आला. दोन महिन्यांत झालं की आधीच्या पंचवीस वर्षांचं होतं हे मला ठरवता येणार नाही, पण मी ट्रे तसाच धरून बराच वेळ उभा होतो.

गिअरबॉक्सला २ लिटर लागतं आणि इथे बाटल्या मिळतात क्वार्टच्या, म्हणजे ०.९४६ लिटर. दोन बाटल्यांत अगदी थोडक्यात कमी पडतं, तिसरी आणावीच लागते. बाटलीला वीस डॉलरच्या आसपास गेले. हातपंपाने भरायचं, भोकातून परत ओघळायला लागलं की थांबायचं.

या गाड्यांत गिअरच्या दांडीच्या बुडाला एक वेगळी छोटी वाटी आहे, टरेट म्हणतात, तिच्यात स्वतःचं थोडंसं तेल असतं, शंभर मिलीच्याही आत. खालून गिअरबॉक्स रिकामा केला तरी ते निघत नाही! त्यामुळे लोक वर्षानुवर्षं त्याला हात लावत नाहीत. मी मधला कन्सोल काढला, दांडीचे तीन बोल्ट सोडून ती वर उचलली, तर वाटी जवळजवळ कोरडी, तळाशी काळा चिखल, आणि आतलं लहान रबरी बूट, म्हणजे दांडीभोवतीचं कव्हर, फाटलेलं. त्या फाटक्या रबरातून गिअरबॉक्सची गरम हवा आणि आवाज आत यायचा, उन्हाळ्यात दांडी चटका बसेल इतकी तापायची ती त्यामुळेच. नवीन रबर बसवलं, तिसऱ्या बाटलीतलं तेल तिथे घातलं. कुणी मला विचारलं की या सगळ्यात हाताला लगेच फरक कशाने पडला, तर तेलाच्या आधी मी या वाटीचं नाव घेईन. दांडीतला तो करकरीत, वाळू असल्यासारखा स्पर्श त्याच दिवशी गेला.

तेलाचा परिणाम मात्र लगेच दिसला नाही. पहिले दोनशे मैल तसंच, मी निराश झालो होतो. तीनशेच्या पुढे हळूहळू दुसरा नरमला. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी उणे नऊ होतं, तेव्हा पहिली पाच मिनिटं दांडी जड होती, पण खर्रर्र नाही, थोडं थांबून टाकलं की जायचा. त्यानंतर रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ पडायला लागलं आणि मार्चअखेरपर्यंत गाडी उभी ठेवली.

जुलैमधे ट्रॅव्हर्स सिटीला गेलो, तिथून एम-२२ रस्त्याने लेक मिशिगनच्या कडेकडेने. जाताना हायवेला चार तास, पाचव्यातही ताशी सत्तर मैलाला इंजिन साडेतीन हजाराच्या वर फिरत असतं, म्हणजे तेल चांगलंच तापलेलं. एम-२२ वर वळणं, चढउतार, सतत दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा. एकदाही अडखळली नाही. न्यूट्रलमधे उभी असताना तापलेल्या गिअरबॉक्सचा खडखडही नाही. ऑफिसमधल्या एकाने अशाच गाडीत ७५डब्ल्यू-८० टाकलंय, त्याची थंडीत माझ्यापेक्षा सरस आहे, पण उन्हाळ्यात गरम झाली की न्यूट्रलला खुळखुळ ऐकू येते. मी थंडीत गाडी काढतच नाही, म्हणून मला ९०च बरं. वर्षभर बर्फात चालवणाऱ्याने ८०चा विचार जरूर करावा.

जे गेलं नाही तेही लिहितो. थंड इंजिनवर पहिला ताणून झटक्यात दुसरा टाकला तर अजूनही कधीतरी खर्र होतं. रिंग झिजलेलीच आहे, तेल काही पितळ परत भरून देत नाही. एक ना एक दिवस बॉक्स उघडावा लागणार, आणि त्यासाठी बाजूला पैसे टाकायला सुरुवात केलीय.

डिफ्रन्शियलमधलं दुकानवाल्यांचं जीएल-५ मी तसंच ठेवलंय, तिथे त्याचीच जागा आहे. पुढच्या वेळी लागेल म्हणून त्याची एक बाटली आणून ठेवलीय. आता कपाटात दोन बाटल्या आहेत, दोन्हीवर ७५डब्ल्यू-९०, म्हणून एकीवर लाल मार्करने "पुढे" आणि दुसरीवर "मागे" लिहिलंय. येत्या नोव्हेंबरमधे गाडी उभी करायच्या आधी खालचा प्लग सोडून तेल परत उन्हात धरून बघणार आहे, सोनेरी झाक आहे की गेली. दिसेल ते इथेच खाली लिहीन.