दोरी ओढायची की बॉक्सवर ठेवायची?

पहिली नायट्रो गाडी (रिमोटवर पळणारी, इंधनाच्या छोट्या इंजिनाची मॉडेल गाडी) घ्यायला निघालेल्या मित्राचा प्रश्न: पुलस्टार्टचं, म्हणजे दोरी ओढून सुरू होणारं इंजिन घेऊ, की स्टार्टर बॉक्सवर, म्हणजे गाडी वर ठेवून मोटरने इंजिन फिरवणाऱ्या पेटीवर चालू होणारं?

खर्चात दोरी जिंकते. ती इंजिनालाच लावलेली येते. बॉक्स आणि त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. ग्लो प्लग (इंजिनातलं इंधन पेटवणारा प्लग) तापवायचा इग्नायटर दोन्हीकडे लागतोच.

खरी मेख टिकाऊपणात आहे. स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) वर निमुळती असल्यामुळे नव्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडकतो. अशा वेळी दोरी शेवटपर्यंत खेचली तर ती तुटते, नाहीतर आतलं वन-वे (एकाच दिशेने पकड घेणारं) बेअरिंग घसरू लागतं. वीतभर झटके द्या. आधी हेअर ड्रायरने इंजिन कोमट केलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. बॉक्सचं रबरी चाक चेसिसच्या खाचेतून थेट फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) फिरवतं, त्यामुळे हिसका बसत नाही. पण सिलिंडरमध्ये इंधन साचलं असेल तर दोरी अडकल्याचं हाताला कळतं, बॉक्सच्या मोटरला कळत नाही. ती जोर लावते आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. प्लग काढा, गाडी उलटी करून इंधन बाहेर काढा, मगच पुढे.

देखभाल सारखीच: टाकी रिकामी, उरलेलं इंधन जाळून मग इंजिनात आफ्टर-रन तेल (गंज रोखणारं). कारण इंधनातलं मिथेनॉल ओलावा ओढतं.

एखाद्या रविवारी मैदानात फिरवायला पुलस्टार्ट पुरे. शर्यतीत उतरायचं असेल, बंद पडलेली गाडी पिटमध्ये झटपट सुरू करायची असेल, तर बॉक्सच घ्या.