कोलकात्यात गोड खायचं तर सुरुवात संदेशापासून करा

कोलकात्याला कोणी निघालं असं कळलं की आपल्याकडे पहिली फर्माईश होते ती रसगुल्ल्याच्या डब्याची, आणि जाणारा माणूस पण शेवटच्या दिवशी घाईघाईत दोन डबे उचलतो आणि झालं त्याचं कोलकाता. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. रसगुल्ला चांगलाच आहे, त्याच्यावर पुढे लिहितेच, पण त्या शहरात जी खरी कमाल आहे ती संदेश नावाच्या मिठाईत आहे आणि ताजा संदेश डब्यात बंद होऊन येत नाही, तो तिथेच जाऊन खावा लागतो. हिवाळ्यात मी आणि आई गेलो होतो आणि बाकी साइटसीइंग जमेल तसं करत मुख्य काम हेच केलं, जुन्या दुकानांत जायचं, एकेक नग मागायचा, उभं राहून खायचं, पुढे चालायला लागायचं.

आधी थोडं समजून घेतलं तर मजा जास्त येते. आपला पेढा, बर्फी म्हणजे दूध आटवून केलेला खवा. तिकडे दूध नासवतात, म्हणजे गरम दुधात आंबट घालून फाडतात, फडक्यात बांधून निथळतात आणि जो उरतो तो छाना. आपल्या घरात दूध नासलं की हळहळ होते आणि तिथे अख्ख्या शहराचं गोड त्याच्यावर उभं आहे! छाना मळायचा, कढईत साखर किंवा गूळ घालून मंद आचेवर लाकडी उलथन्याने परतायचा आणि साच्यात दाबायचा, एवढंच म्हणजे संदेश. एवढंच असल्यामुळेच लपवायला काही जागा नसते, छाना शिळा असेल तर पहिल्या घासाला कळतं. त्यात दोन प्रकार, नरम पाक म्हणजे कमी परतलेला, ओलसर, तो त्याच दिवशी संपवायचा, आणि कडा पाक म्हणजे जास्त परतलेला, घट्ट, तो काही दिवस टिकतो. दुकानात गेल्यावर हे दोन शब्द वापरले की काउंटरवरचा माणूस लगेच नीट लक्ष देतो, हा माझा अनुभव.

सगळ्यात आवडलेलं दुकान आधीच सांगून टाकते. गिरीशचंद्र दे आणि नकुरचंद्र नंदी, सगळे नुसतं नकुर म्हणतात. उत्तर कोलकात्यात हेदुआच्या जवळ, बेथून कॉलेजच्या मागच्या बाजूच्या गल्लीत. 1844 सालचं दुकान. बाहेरून बघाल तर विश्वास बसणार नाही, बसायला जागा वगैरे काही नाही, जाळीच्या पलीकडे ट्रे मांडलेले आणि आपण रस्त्यावर उभे. इथे फक्त संदेश मिळतो. रसगुल्ला मागायचा नाही. आम्ही एक नरम पाक आणि एक कडा पाक घेतला, आईने नरम पाक तोंडात टाकला आणि काहीच बोलली नाही, फक्त मला खुणेने अजून एक घे म्हणाली. आई घरी पेढे करते आणि बाहेरच्या गोडाला सहसा नावं ठेवते त्यामुळे मला एवढं पुरे होतं. गोडी अगदी बेताची, म्हणजे दुधाची चव आधी लागते आणि साखर नंतर. आपल्याकडची बरीचशी मिठाई उलटी लागते, आधी साखर मग बाकी सगळं.

तिथेच जलभरा खाल्ला. ताडगोळ्याच्या आकाराचा संदेश असतो आणि आत पातळ पाक भरलेला, हिवाळ्यात त्या पाकाच्या जागी पातळ गूळ. याची गोष्ट भारी आहे, हा मुळात कोलकात्याचा नाही, चंदननगरच्या सूर्य मोदक नावाच्या हलवायाने तो पहिल्यांदा केला, आणि सांगतात असं की एका जमीनदाराच्या घरी जावयाची फजिती करायची होती म्हणून. जावयाने घास घेतला आणि पाक अंगावर! तेव्हा खाताना छोटा घास न घेता एकदम अर्धा तोंडात घाला आणि जरा पुढे वाकून उभे राहा.

आता गुळाबद्दल. नोलेन गूर म्हणजे खजुराच्या झाडाच्या रसाचा गूळ, झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस गोळा करतात आणि पहाटे उतरवून कढवतात. हा रस फक्त थंडीत मिळतो, साधारण नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. थंडी जितकी चांगली तितका रस चांगला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गोड खायला कोलकात्याला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच जा, मे महिन्यात जाऊन गुळाचा संदेश मागितलात तर मिळेल कदाचित पण तो वास येणार नाही. ताज्या गुळाला एक धुरकट वास असतो जो उसाच्या गुळाला नसतो, आणि तो छान्यात मिसळला की जे होतं ते मला शब्दात नीट सांगता येत नाहीये, खाऊनच बघा.

दुसरं दुकान भीमचंद्र नाग, बोऊबाजारात. हे तर 1826 पासूनचं. आत भिंतीवर कूक अँड केल्वी कंपनीचं घड्याळ आहे ज्याच्यावर आकडे बंगालीत आहेत, ते नक्की बघा. इथला कडा पाक संदेश घट्ट, बारीक रव्याळ, हळूहळू विरघळणारा, मला नकुरच्या खालोखाल हाच आवडला. लेडीकेनी पण इथेच खा, इंग्रजांच्या काळातले गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्या बायकोच्या, म्हणजे लेडी कॅनिंगच्या नावावरून आलेला पदार्थ आणि तो भीम नागांनीच पहिल्यांदा केला असं मानतात. दिसायला गुलाबजामसारखा पण छान्याचा, तळलेला, त्यामुळे आत जरा दाणेदार लागतो आणि पाक हलका. आईला गुलाबजामपेक्षा आवडला, मला नाही, गुलाबजाम तो गुलाबजाम.

रसगुल्ला. बागबाजारच्या नवीनचंद्र दास यांनी 1868 मध्ये स्पंजवाला रसगुल्ला केला असं बंगाली लोक सांगतात आणि ओडिशावाले म्हणतात आमच्या जगन्नाथाच्या देवळात तो कितीतरी आधीपासून आहे, हा वाद एवढा पेटला की 2017 मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला जीआय, म्हणजे पदार्थ त्या त्या भागाचा असल्याचा सरकारी शिक्का, मिळाला आणि 2019 मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला वेगळा मिळाला. मला दोन्हीकडच्यांचं कौतुक वाटतं, खाण्यासाठी एवढं भांडणारी माणसं पाहिजेतच. नवीनचंद्रांच्या मुलाच्या नावाचं केसी दास एस्प्लनेडला आहे, बसायला टेबल-खुर्च्या आहेत, म्हातारी माणसं बरोबर असतील तर सोयीचं. पण दुकान कुठलंही असो, रसगुल्ला कोमट मिळतोय का ते विचारा. कोमट रसगुल्ला दातांखाली हलकासा करकरतो आणि पाक सोडतो आणि डब्यातला थंडगार रसगुल्ला त्याच्यापुढे अगदीच निर्जीव लागतो, दोन्ही खाल्ल्यावर परत डब्याकडे वळावंसं वाटत नाही.

सगळाच अनुभव चांगला आला असं नाही. एका मोठ्या, एसी, आरशाआरशांच्या दुकानात शिरलो, नाव लिहीत नाही, तिथे संदेश फ्रीजमधून काढून दिला, दगडासारखा घट्ट आणि कडेने सुकलेला, आणि आज केलाय का विचारलं तर मुलगा नुसताच हो म्हणाला. भावही इतर ठिकाणांपेक्षा बराच जास्त. एका नगातच कळलं ते बरं, पाव किलो घेतला असता तर टाकावा लागला असता. म्हणून परत सांगते एक नग मागा, तिथे कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट तीच पद्धत आहे.

नव्या पद्धतीचं खायचं असेल तर भवानीपूरला बलराम मल्लिक, 1885 चं दुकान आहे पण प्रयोग खूप करतात, बेक केलेला रसगुल्ला, गुळाचं सूफले वगैरे. गुळाचं सूफले मस्तच होतं, आईने चाटूनपुसून खाल्लं. शहरात जागोजागी चॉकलेटचे, ब्लूबेरीचे, कसले कसले संदेश दिसतात ते मात्र मला पटले नाहीत, छान्याची नाजूक चव त्यात मरून जाते. मुलांना आवडतील.

नुसतं गोड खाऊन चालत नाही, मधे मधे तिखट-खारट हवंच, आणि याबाबतीत पण शहर मागे नाही. सकाळी कॉलेज स्ट्रीटला पुंटीरामची कोचुरी, म्हणजे आत उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी, हिंगाचा वास आणि बरोबर हरभऱ्याच्या डाळीची गोडसर आमटी. आपल्या कचोरीसारखी खुसखुशीत नाही, मऊ असते. लवकर जा, नंतर संपते. नाहीतर श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात नेताजींच्या पुतळ्याजवळ आदि हरिदास मोदक, तिथे पानावर लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणि सालासकट बटाट्याची रस्सा भाजी. वाढणारे काका आईला मासीमा, मासीमा, म्हणजे मावशी, मावशी करत अजून एक, अजून एक असं वाढतच होते आणि आईने मराठीत नको नको म्हटलं तरी त्यांना ते हवं हवं असंच ऐकू येत होतं बहुतेक, एवढ्या मायेने कोणी वाढलं की पोट आपोआप मोठं होतं.

कॉलेज स्ट्रीटलाच पुस्तकं बघून दमलात की पॅरामाउंट, 1918 पासूनचं सरबताचं दुकान. डाबचं सरबत घ्या, शहाळ्याचं पाणी आणि तळाशी कोवळी मलई. संगमरवरी टेबलं, भिंतीवर इथे येऊन गेलेल्या मोठमोठ्या लोकांची नावं. गोडाच्या फेरीमध्ये हा स्टॉप ठेवाच, तोंड स्वच्छ होतं आणि पुढचं खायला जागा होते.

संध्याकाळी फुचका. आपल्या पाणीपुरीत गरम रगडा असतो, तिकडे मसाला लावून कुस्करलेला बटाटा, काळे चणे आणि चिंचेचं आंबट पाणी, त्यावर गंधराज लिंबू पिळतात. गोड चटणी नाही! पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या पुरीला लक्षात येतं की गोड नसल्यामुळेच हात थांबत नाहीये. गंधराज लिंबाचा वास तर इतका चढतो की घरी आल्यावर साधं लिंबू फिकं लागायला लागलं. झालमुडी, म्हणजे तिकडची कुरमुऱ्यांची भेळ, पण घ्या, कच्चं मोहरीचं तेल आणि ओल्या खोबऱ्याचे काप घातलेली. मोहरीचं तेल नाकात जातं, आवडलं तर खूप आवडतं नाहीतर अजिबात नाही. आईला अजिबात नाही. तेलेभाजा म्हणजे त्यांची भजी, त्यात केळफुलाची चॉप सोडू नका.

न्यू मार्केटमधे नाहूम, 1902 पासूनची ज्यू कुटुंबाची बेकरी. प्लम केक आणि लेमन टार्ट. डिसेंबरात गेलात तर रांग असणारच, नाताळच्या आसपास तर विचारू नका, सकाळी लवकर गेलात तर ठीक.

फिरायला मेट्रो सगळ्यात सोयीची, शोभाबाजार, गिरीश पार्क, एमजी रोड, सेंट्रल, एस्प्लनेड, भवानीपूरसाठी नेताजी भवन किंवा जतीन दास पार्क, सगळं एकाच लाइनवर. पुण्याहून आझाद हिंद किंवा मुंबईहून गीतांजलीने हावड्याला उतरलात तर 2024 पासून हुगळीच्या खालून जाणारी मेट्रो थेट एस्प्लनेडला सोडते, टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करायची गरजच नाही. एका दिवसात सगळी दुकानं करू नका, जीभ बधिर होते आणि मग चांगलं-वाईट काही कळत नाही. सकाळी कोचुरी, दुपारी सरबत, उन्हं उतरल्यावर संदेश आणि मग फुचका, असा क्रम आम्हाला जमला. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

घरी आणायचं म्हणाल तर नरम पाक आणि मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, यांच्या नादाला लागू नका. दोई तिथेच मातीच्या भांड्यातली खायची, माती पाणी शोषून घेते म्हणून ती इतकी घट्ट लागते. प्रवासात कडा पाक संदेश बरा टिकतो आणि त्याहून उत्तम म्हणजे पाटाली, खजुराच्या गुळाची ढेप, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून बॅगेत टाकायची. विकत घेताना कोपऱ्याचा तुकडा मोडून चाखायला मागा, चवीला नुसती साखरेसारखी कडक गोड लागली तर भेसळ आहे, सोडून द्या, चांगली पाटाली बोटाने दाबली तर जरा मऊ लागते. आईने आल्या आल्या ती पाटाली घालून तांदळाची खीर केली. उकळत्या दुधात हा गूळ टाकू नका, दूध फाटतं, गॅस बंद करून खीर जरा निवली की मग किसून घाला.