दुसरी बाजूही ऐकवणारे दुकान

सोलापुरात नवी पेठेच्या मागील एका गल्लीत जुन्या कॅसेटींवरील गाणी पेनड्राइव्हवर उतरवून देणारे एक छोटे दुकान आहे. पूर्वी तेथे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त होत असत; आता दुरुस्ती नावापुरती उरली असून मालकांचा बहुतेक दिवस इतरांच्या कॅसेटी उघडण्यात, पुसण्यात आणि संगणकाला जोडलेल्या डेकवर वाजवण्यात जातो. साठ मिनिटांच्या कॅसेटला १५० रुपये, नव्वद मिनिटांच्या कॅसेटला २०० रुपये आणि तुटलेली फीत जोडायची असल्यास ५० रुपये अधिक, असा त्यांचा दर आहे. हा दर वाजवी आहे का, याचे उत्तर आपण कोणत्या कॅसेटी घेऊन जातो यावर अवलंबून आहे.

मी दिलेल्या कॅसेटी एकाच जातीच्या होत्या, म्हणजे केवळ एका गाण्यासाठी विकत घेतलेल्या. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्यांमुळे चित्रपटाबाहेरच्या पॉप गाण्यांना मोठा प्रेक्षक मिळाला आणि एका व्हिडिओच्या जोरावर घराघरांत पोहोचलेला गायक पुढच्या दिवाळीपर्यंत विस्मरणातही जाऊ लागला. सुनीता राव यांचे ‘परी हूँ मैं’, सिल्क रूट या बँडचे १९९८ मधील ‘डूबा डूबा’, अल्ताफ राजा यांचे ‘तुम तो ठहरे परदेसी’ ही त्या काळातील ठळक नावे. वन-हिट वंडर, म्हणजे एकाच गाण्यापुरते गाजलेले कलावंत, म्हणून यांची गणना करण्यास जाणकार हरकत घेतील, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. अल्ताफ राजा पुढे चित्रपटांतही गायले, तर सिल्क रूटचे मोहित चौहान हिंदी चित्रपटसृष्टीतील आघाडीचे पार्श्वगायक झाले. मात्र सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, आकाशपाळण्याच्या कर्ण्यांतून ज्यांनी अल्ताफ राजांचा आवाज ऐकला, त्यांना या गायकाचे दुसरे गाणे विचारून पाहावे.

अशा कॅसेटींची एक गंमत या दुकानात गेल्यावरच कळते. कॅसेटमधील ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते आणि चार मिनिटांचे गाणे त्यातील जेमतेम साडेअकरा मीटरांवर बसते. ज्या गाण्यासाठी कॅसेट घेतली, ते बहुधा पहिल्या बाजूला अगदी सुरुवातीस असायचे. ते संपले की फीत मागे घ्यायची आणि पुन्हा तेच लावायचे, असे वर्षानुवर्षे चालले. परिणामी सारी झीज त्या साडेअकरा मीटरांनी सोसली. तेथील चुंबकीय लेप घासला गेला, उंच पट्टीतील स्वर मंदावले, आणि जेथे बटण दाबून फीत वारंवार थांबवली गेली तेथे ती किंचित ताणली गेल्याने आवाज डगमगतो. उलट दुसरी बाजू जवळजवळ कोरी करकरीत असते. ज्या गाण्याने कॅसेट विकली गेली ते सर्वांत वाईट ऐकू येते आणि ज्यांच्याकडे कोणी फिरकले नाही ती गाणी नव्यासारखी वाजतात.

या दुकानाची खरी पारख येथेच होते, कारण गाजलेले गाणे उतरवून घेण्यासाठी १५० रुपये मोजण्याचे काहीच कारण नाही. ते मोबाइलवर क्षणात आणि कितीतरी स्वच्छ मिळते. जे सहजी मिळत नाही ते म्हणजे त्याच्या मागेपुढे असलेली सात-आठ गाणी. एका गाण्यापुरत्या चाललेल्या अनेक कलावंतांच्या बाबतीत ही उरलेली गाणी कोणी पुन्हा काढण्याच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे केवळ एखादे गाणे उतरवून देण्याचे काम मालक घेत नाहीत, दोन्ही बाजू पूर्ण वाजवूनच फाइल देतात, हा त्यांचा नियम मला आधी अडेलतट्टूपणाचा वाटला तरी आता दुकानाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. ‘बूंदें’ हा सिल्क रूटचा अल्बम सलग ऐकताना ‘डूबा डूबा’ हे त्या बँडचे अवचित लागलेले गाणे नव्हते, त्यामागे एक ठरवून घडवलेली शैली होती, हे स्पष्ट होते. दुसऱ्या एका कॅसेटबाबत मात्र, जिचे नाव येथे घेत नाही, उरलेली गाणी ऐकल्यावर लोकांनी एकावरच समाधान मानले ते योग्यच केले असे वाटले.

दुय्यम बाजूसाठी ठरवलेले गाणेच गाजल्याचे उदाहरण या विषयात प्रसिद्ध आहे. कार्ल डग्लस यांचे १९७४ मधील ‘कुंग फू फायटिंग’ मुळात तबकडीच्या मागच्या बाजूसाठी ध्वनिमुद्रित झाले होते. पुढे ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याचे निर्माते होते बंगळुरूहून इंग्लंडला गेलेले बिड्डू, ज्यांनी १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ घडवले. मागच्या बाजूसाठीचे गाणे नीट ऐकून पाहण्याचा कंटाळा तेव्हा केला गेला असता तर डग्लस यांचे ते एक गाणेही लोकांपर्यंत पोहोचले नसते.

कामाच्या दर्जाबद्दल सांगायचे तर कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी तिचे कवच उघडून पाहिले जाते, फितीमागची निखळलेली नमद्याची गादी बदलली जाते आणि प्रत्येक कॅसेटनंतर हेड (फितीवरील आवाज वाचणारा भाग) व रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले जातात. हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून त्याचा कोन प्रत्येक कॅसेटनुसार जुळवला जातो. घाईच्या ठिकाणी हे कोणी करत नाही, आणि पांघरुणाखालून आल्यासारखा घुसमटलेला आवाज बहुधा त्यामुळेच येतो. सोलापूरच्या कॅसेटींचे दुखणेही वेगळे असते. आपली हवा कोरडी असल्याने कोकणातल्याप्रमाणे फितीवर बुरशी फारशी धरत नाही, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेली कवचे वाकतात, आणि यंत्रमागाच्या कारखान्यांत वाजलेल्या कॅसेटींतून सुताची तूस निघते. यंत्रमागांच्या पूर्व भागातून येणाऱ्या तेलुगू गाण्यांच्या कॅसेटी मालक म्हणूनच वेगळ्या ब्रशने साफ करतात.

तक्रारी दोन आहेत. पहिली फितीची खरखर घालवण्याच्या सोयीबद्दल. न विचारता ती सरसकट लावली जाते, आणि खरखरीबरोबर गिटारच्या तारांवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज व झांजेची लांबत जाणारी किणकिणही नाहीशी होते. मूळ आवाज जसाच्या तसा हवा, असे आधी सांगितल्यास ते ऐकतात. तेव्हा ते सांगावे आणि शक्यतो वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न आकसवता साठवलेली फाइल, मागावी. सीडीच्या दर्जाच्या एका तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते, तर ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला सुमारे १४४ एमबी. पेनड्राइव्ह स्वस्त झालेल्या काळात हा फरक सोसण्याजोगा आहे.

दुसरी तक्रार नावांची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. फाइलींना गाण्यांची नावे दिली जातात, पण वर्ष, गायक आणि आवृत्ती गाळली जाते. विदेशी गाण्यांच्या संकलनांत यामुळे मोठा घोळ होतो. लॉस देल रिओ या स्पॅनिश जोडीने ‘माकारेना’ प्रथम १९९३ मध्ये आणले, परंतु १९९६ मध्ये अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले ते बेसाइड बॉइज यांनी इंग्रजी कडवी घालून नव्याने सजवलेले रूप. ‘मॅम्बो नंबर फाइव्ह’ लू बेगा यांनी १९९९ मध्ये गाजवले. त्याचा पाया पेरेझ प्राडो यांची १९४९ मधील शब्दांविना असलेली रचना होती. फाइलवर नुसते ‘माकारेना’ लिहिले असेल तर आपल्याकडे काय आहे, हे वाजवल्याशिवाय कळत नाही. कॅसेटमधील छापील कागदाचे छायाचित्र सोबत दिले तरी हा प्रश्न मिटेल, आणि त्यासाठी दहा रुपये जादा द्यायला कोणी कुरकुर करणार नाही.

दुकानात आधीच गाणी भरलेले पेनड्राइव्हही विक्रीस असतात. ते मी घेतले नाहीत आणि कोणी घेऊ नयेत असे वाटते. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९९० च्या दशकातील गाण्यांवर तो अजून लागू आहे. स्वतः विकत घेतलेली कॅसेट स्वतःच्या ऐकण्यासाठी उतरवून घेणे आणि इतरांची गाणी भरून विकणे यांतील अंतर मालकांना ठाऊक नसेल असे नाही.

ध्वनिमुद्रण कॅसेटच्या वेगानेच होते, त्यामुळे काम त्याच दिवशी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. यात्रेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत आठवडाही लागतो. दुपारी दुकान बंद असते. कॅसेटी देताना फीत एका टोकापर्यंत गुंडाळून, डबीसकट द्याव्यात, आणि मूळ कॅसेटी आठवणीने परत मागून घ्याव्यात, कारण बिलावर त्यांची संख्या लिहिण्याची पद्धत तेथे नाही.