एअरब्रश कॉम्प्रेसर आणि आपला पावसाळा: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात माझ्या एअरब्रशला, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या ब्रशला, हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेईना. टाकी भरली, काटा ४ बारच्या पुढे सरकला, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला, तरी मोटर सुरूच. शेवटी प्लग उपटला. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा प्रेशर स्विच गेला होता. कंपनीला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, बिल पाठवलं. मग उत्तर आलं, की ओलाव्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, आणि तपासून हवं असेल तर मशीन स्वखर्चाने पाठवा. पाच-सहा किलोचं धूड! कुरिअरचा खर्च ऐकून डोकं फिरलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मूर्ती रंगवणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचं मशीन आहे. ऑइल-फ्री पिस्टन, ३ लिटरची टाकी, सोबत ०.३ मिमी नोझलचा (रंग बाहेर पडतो ते तोंड) डबल ॲक्शन एअरब्रश, म्हणजे एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही कमी-जास्त करता येणारा. निरनिराळ्या नावांनी विकतात, आत माल तोच. दहा हजारांच्या आसपास मोजले होते.

माझं काम म्हणजे २८ मिमीच्या धातूच्या मूर्ती. सध्या असईची लढाई चालू आहे, २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मद्रास पलटणी, दुसऱ्या बाजूला शिंद्यांचं कवायती पायदळ आणि तोफखाना. इंग्लंडहून मागवलेल्या मूर्ती पोस्टेज आणि ड्युटी धरून इतक्या महाग पडतात, की एकही वाया गेलेली परवडत नाही. धातूवर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, लागतोच. कथिलाच्या त्या गुळगुळीत मिश्रधातूवर ॲक्रिलिक नुसतं मारलं तर नख लागताच निघतं. स्प्रे कॅनचा प्रायमर विमानाने येत नाही. इथे मिळतो तो जुलैत मारला, तर पांढुरका आणि खरखरीत बसतो. म्हणून एअरब्रश घेतला.

मार्च ते मे तक्रारीला जागाच नव्हती. २० पीएसआय (साधारण १.४ बार) दाबावर पॉलियुरेथेन प्रायमर इतका पातळ बसतो, की शिपायाच्या कोटाची बटणंसुद्धा बुजत नाहीत. आधी काळा, मग ४५ अंशांतून करडा, शेवटी वरून पांढरा. केसांच्या ब्रशने तासन्‌तास घेणारी उजेड-सावली एका संध्याकाळी अख्ख्या पलटणीवर उतरते. मी मित्रांना घ्या म्हणून सांगत सुटलो होतो.

मग जून आला.

शिंद्यांच्या गोलंदाजांचा, म्हणजे तोफा डागणाऱ्यांचा, संच रंगवायला घेतला होता. असईत हे लोक तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. त्यामुळे या मूर्तींवर माझा जीव जास्त. मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाच्या उंच रेषा) बारीक कानशीने घासल्या, साच्यातली टाल्कम पावडर निघावी म्हणून भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवल्या. (जुन्या मूर्तींत शिसं असतं. त्या घासताना मास्क लावा आणि भुकटी ओल्या फडक्याने पुसा.) पहिल्या पाच मिनिटांत सगळं छान. नंतर नोझलमधून थुंकल्यासारखा एक थेंब उडाला तो थेट पगडीवर. प्रायमर बाजूला सरला आणि मधे चकचकीत धातू उघडा पडला, भोवती करड्या रंगाची कड. भिंगातून पाहिलं, तर गालावर आणि खांद्यावरही तसेच बारीक खड्डे.

आता या मशीनची माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट. टाकीतलं पाणी काढायचा स्क्रू टाकीच्या पोटाखाली आहे आणि खाली बोट जायलाही जागा नाही. पाणी काढायला मशीन उचला, आडवं करा, स्क्रू सोडा, फडकं धरा. हे दर वेळी कोण करेल? पुण्याच्या पावसाळी हवेत, ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर घनमीटरभर हवेत साधारण २५ ग्रॅम वाफ असते. ती हवा दाबून एक पंचमांश केली आणि थंड झाली, की त्यातली तीन चतुर्थांश वाफ पाणी होऊन बाहेर पडते. ते पाणी टाकीत साठतं, टाकी आतून गंजते, ओली हवा स्विचपर्यंत पोहोचते. एक साधी तोटी बाजूला दिली असती, तर शंभर रुपयांच्या आत काम झालं असतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे मशीन विकायचं आणि ओलावा वॉरंटीबाहेर ठेवायचा, हे मला अजिबात पटत नाही. इथवर लिहिलं तेव्हा पाचपैकी एक तारा देणार होतो.

मधल्या चार दिवसांत मत बदललंय, सगळं नाही पण बरंच.

पुण्यात इलेक्ट्रिकच्या सामानाच्या तपकीर गल्लीत नवा स्विच शोधला. पाव इंची आट्याचा प्रेशर स्विच मिळाला, कुरिअरच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्तात. आमच्या भागातल्या फ्रीज दुरुस्त करणाऱ्या काकांनी टेफ्लॉन टेप गुंडाळून अर्ध्या तासात बसवला. पैसे घेताना त्यांनी मॉइश्चर ट्रॅपकडे, म्हणजे हवेतलं पाणी अडवणाऱ्या पेल्याकडे, बोट दाखवलं. "इथे कशाला लावलाय? इथे हवा अजून गरम आहे. पाणी पुढे पाइपात धरणार." अगदी बरोबर! ट्रॅप मशीनवरच बसवलेला असतो. तिथून वाफ वाफ म्हणूनच निसटते आणि पुढच्या नळीत थंड होऊन तिचे थेंब होतात. एअरब्रशच्या बुडाशी लावायचा छोटा ट्रॅप वेगळा मिळतो, तो घेतला. नळीही लांब घेतली आणि मधला भाग टेबलाखाली लोंबता ठेवला. काल भर पावसात उरलेले गोलंदाज प्रायम केले. एकही थेंब उडाला नाही, आणि एअरब्रशखालच्या ट्रॅपच्या पेल्यात पाणी डोळ्यांना दिसत होतं. खड्डे पडलेल्या मूर्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, टूथब्रशने घासून पुन्हा मारल्या. धातूची हीच मजा आहे, रंग उतरवला तरी नक्षी जशीच्या तशी राहते.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी आणखी थोडं. पॉलियुरेथेन प्रायमर २४ तास हात न लावता ठेवा, नाहीतर संगिनीच्या टोकावरून सालीसारखा निघतो. मूर्ती बुचावर चिकटवून बुच धरूनच रंगवा. आणि पावसाळ्यात सुपरग्लू थेंबभरच वापरा, दमट हवेत तो भराभर धरतो आणि जास्त झाला की भोवती पांढरी बुरशीसारखी पुटं येतात. जड घोडेस्वाराला नुसत्या ग्लूवर विसंबू नका, १ मिमीचं ड्रिल घालून तारेची पिन द्या.

हवेचा दाब, आवाज, ब्रशची पकड यांबद्दल तक्रार नाही. रात्री दार लावून चालवलं तर शेजारच्या खोलीत झोपमोड होत नाही. चेहरे, पट्टे, पगडीच्या कडा मात्र साध्या केसांच्या ब्रशनेच करायच्या, तिथे हे मशीन उपयोगाचं नाही.

तीन तारे. किटमध्ये येणारा ट्रॅप मी धरतच नाही, ब्रशजवळच्या ट्रॅपचे पैसे पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. टाकी नसलेलं मॉडेल स्वस्त पडतं, पण त्यात हवा धडधडत येते, ते घेऊ नका. आणि घेण्याआधी दुकानदाराला मशीन उलटं करून दाखवायला सांगा. बाजूला तोटी असलेलं एखादं मॉडेल निघालं, तर हजार रुपये जास्त द्यायला मी आनंदाने तयार आहे. कुणाला असं सापडलं असेल तर खाली जरूर कळवा.