परदेशी देणगीची संस्था की पोकरा?

शेतकरी गटाने परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थेचा हात धरावा की पोकराचा (राज्य सरकारचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प), असं बरेच जण विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी गटाने दोन्हीकडून घेतलं आहे, म्हणून सांगतो. तुमच्याकडचा अनुभव वेगळा असू शकतो.

संस्थेची माणसं चांगली. बांधावर येतात, बोंडअळीचे कामगंध सापळे (गंधानं नर पतंग ओढून अडकवणारे) स्वतः लावून दाखवतात, आणि आपली दमडी लागत नाही. पोकरात आधी पूर्वसंमती, मग पदरच्या पैशानं खरेदी, बिल पोर्टलवर, तपासणी, आणि त्यानंतर अनुदान खात्यात. पेरणीतच ज्याचा हात रिकामा झाला, त्याला हे जड जातं.

तरी संस्थेवरून माझं मन फिरलं ते हजेरीपत्रकानं. दर बैठकीला सही, फलक धरून फोटो, सापळे मिळाल्याची पावती. एकदा आमच्यातल्या एका बाईनं विचारलं, “आपल्या गावाच्या नावानं एकूण किती आले जी?” संस्थेचे साहेब म्हणाले, “ते वरच्या ऑफिसात.” पुढच्या बैठकीला हजेरीपत्रक आलं, आकडा काही आला नाही. सगळा दोष त्यांचाच असेल असं नाही. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायला परदेशी देणगीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनं बंदी आली, त्यामुळे पैसा गटाच्या पासबुकात दिसतच नाही, वस्तू तेवढ्या येतात. देणगीची तिमाही माहिती जाहीर करायची अटही 2022 मध्ये निघाली. वर्षाचा ताळेबंद असतो, पण त्यात आपलं गाव शोधून दाखवा!

मदत देणारे आणि घेणारे देश एकमेकांना उत्तरदायी, असं परदेशी मदतीबद्दलच्या पॅरिसच्या जाहीरनाम्यात 2005 सालीच लिहिलं गेलं. आमच्या गावात सही मात्र घेणाऱ्याचीच लागते.

पोकराला पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा. ते सरकार फेडणार, म्हणजे आपणच. त्यामुळे विचारताना जीभ अडखळत नाही. प्रकल्पाची गावसमिती ग्रामसभेतून होते, कुणाला ठिबक अन् कुणाला शेततळं हे गावाला कळतं. नाहीच कळलं तर कृषी विभागात दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. प्रकल्पानं नुकसानच झालं, तर बँकेचं तपासणी मंडळ 1993 पासून आहे. बाधित दोघं मिळूनही तिथं तक्रार करू शकतात. आम्हाला तिथवर जायची गरज पडली नाही.

भूमिहीन बायांचा गट असेल आणि संस्था गावापुरतं अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचायला तयार असेल, तर संस्थाच बरी. आमच्या गटाचा ठराव मात्र पोकराच्या दुसऱ्या टप्प्यासाठी झाला. तुमचं गाव यादीत आहे का, ते आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारून घ्या.