सोयाबीन आत्ता विकायचं, घरात ठेवायचं की तारण ठेवून कर्ज काढायचं?

मळणी उरकली की घरोघरी हाच विषय. भाव पुढं काय होईल हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून माझं म्हणणं असं की भावाचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्याला पैसा कधी लागणार तिथून सुरुवात करा.

थांबायची आशा २०२१ नं लावली. त्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलं, नवा माल येईपर्यंत धाडकन पडलं, आणि ज्यांनी धरून ठेवलं त्यांना २०२२ मध्ये परत ७,००० दिसले. पण त्याच आशेवर पुढंही माल ठेवणाऱ्यांचे हाल झाले, २०२४ च्या ऑक्टोबरात हमीभाव ४,८९२ असताना बाजारात बोली ४,००० च्या आसपासच. त्याआधी महिनाभरच खाद्यतेलाची इम्पोर्ट ड्युटी वाढवली होती, तरी भाव उठला नाही.

आत्ता विकलं तर पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे हातात, हरभरा वेळेवर पेरला जातो, कृषी केंद्राची उधारी मिटते. फक्त ओला माल नेऊ नका, ओलाव्यावर अडत्या भाव तोडतोच. हमीभाव केंद्रावर भाव चांगला पण १२ टक्क्यांच्या आत मॉइश्चर पाहिजे, ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट आणि पैसे खात्यावर नंतर येतात, घाईच्या माणसाला ते झेपत नाही.

घरात ठेवणं फुकट वाटतं पण नसतं. १४ टक्के ओलाव्याचा १० क्विंटल माल वाळून १० टक्क्यांवर आला की ४४ किलो वजन गेलंच, म्हणजे नुसतं बरोबरीत यायलाच भाव साडेचार टक्क्यांहून थोडा जास्तच वाढावा लागतो, वर उंदीर आणि जागेची अडचण वेगळी.

तारण मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. राज्याच्या पणन मंडळाच्या योजनेत बाजार समिती माल गोदामात ठेवून घेऊन त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देते, ६ महिने, ६ टक्के व्याज. ४,३०० नं १० क्विंटल धरा, ३२,२५० मिळतात आणि सहा महिन्यांचं व्याज ९७० च्या आत, म्हणजे क्विंटलला शंभरसुद्धा नाही. रब्बीही निघते, मालही आपलाच राहतो. सुकवून स्वच्छ केलेला मालच घेतात, आणि भाव पडला तरी कर्ज फेडावंच लागतं हे डोक्यात ठेवा.

मी असतो तर उधारी आणि बियाण्यापुरतं लगेच विकलं असतं, उरलेलं तारण. सगळा माल घरात कोंडून मात्र ठेवू नका, विशेषतः सावकाराचं व्याज चालू असेल तर. समितीत सातबारा घेऊन जायच्या आधी फोन करून तारणाचा निधी आणि गोदामात जागा शिल्लक आहे का तेवढं विचारून घ्या.