इतवारीत आजीची अकीकाची माळ गाठून घेतली

आजीची अकीकाच्या, म्हणजे तांबूस-केशरी खड्याच्या मण्यांची माळ गेल्या महिन्यात तुटली. ३१ पैकी २९ मणी सापडले, बाकीचे दोन बहुतेक झाडूसोबत गेले. नागपूरच्या इतवारी बाजारात सराफा ओळीच्या मागच्या गल्लीत एक लहानसं खड्यांचं दुकान आहे, तिथे नेली. नाव देत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

आधी चांगलं सांगते. जोडीला दोन मणी हवे होते. दुकानातल्या पोरानं काढलेले मणी मला हुबेहूब वाटले, पण दुकानदार काकांनी मोबाइलचा टॉर्च मागून धरला. माझ्या मण्यात केशरी रंग ढगासारखा पसरलेला, नव्यात सरळ पट्टे. "ताई, हा रंगवलेला आहे, पट्टे दिसून राहिले ना? असा देऊ काहून तुम्हाला?" मग डब्यातून दुसरे काढले. "हे भाजलेले आहेत, पण भाजणं म्हणजे फसवणूक नाही."

खरंच नाही. अकीक हा गारेचाच भाऊबंद. लाव्हाच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत सिलिका साचून बनतो आणि रंग येतो तो लोहामुळे. खाणीतून निघतो तेव्हा बराचसा मातकट-पिवळा असतो. गुजरातमधल्या खंबातचे कारागीर तो मडक्यात घालून मंद धगीवर भाजतात, तेव्हा तो तांबूस होतो. आपल्या नागपूरजवळच्या माहूरझरीलाही फार जुन्या काळी अकीकाचे मणी घडवायचे, हे काकांना माहीत होतं. मला नव्हतं, आणि मी जन्मापासून नागपूरची!

ओवताना सुई आजीच्या मण्यांत मध्येच अडत होती. काकांनी भिंग दिलं. भोक दोन्ही बाजूंनी पाडत आणलेलं, मधे किंचित चुकलेलं. हाताचं काम. नव्या मण्यांत सुई सरळ पार.

आता तक्रार. चार दिवस म्हणून अकरा लावले. रेशमी दोरा ठरला असताना नायलॉनचा घातला, आणि हूक इतका हलका की तिसऱ्याच दिवशी उघडला. नशीब, मी तेव्हा बर्डीच्या बाजारात नाही, घरीच होते. परत नेल्यावर कुरकुर न करता दोन्ही बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण इतवारीत गाडी लावायला पुन्हा अर्धा तास गेला तो गेलाच.

खडा घ्यायला जा. गाठायला दिलं तर दोरा समोर बसून ओवून घ्या.